समुद्रतळाच्या गाळातलं मायक्रोप्लास्टिक मोजायचंय, मिठाच्या पाण्याने भागेल का?

काजळीकाठ:

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी पर्यावरणशास्त्र दुसऱ्या वर्षाला आहे, रत्नागिरीत. डिझर्टेशनला विषय घेतलाय समुद्रतळाच्या गाळातलं मायक्रोप्लास्टिक, म्हणजे ५ मिलिमीटरहून लहान प्लास्टिकचे कण. किनाऱ्यावरची वाळू नाही, बोटीने आत जाऊन तळाचा गाळ काढायचाय. तीन जागा ठरल्यात, एक भाट्ये खाडीच्या तोंडासमोर जिथे काजळी नदीचं पाणी बाहेर पडतं, एक मिरकरवाडा बंदराच्या बाहेर आणि एक काळबादेवीसमोर, तिथे वर्दळ जरा कमी असते. खोली साधारण १० ते २० मीटर. कॉलेजकडे व्हॅन व्हीन ग्रॅब (तळाचा गाळ जबड्यात पकडून वर आणणारं यंत्र) आहे आणि मामाच्या ओळखीचे एक तांडेल त्यांच्या ट्रॉलरवरून न्यायला तयार आहेत.

अडलंय ते लॅबमध्ये. जे वाचतेय त्यात पद्धत साधारण एकच दिसते, गाळ सुकवा, मिठाच्या संपृक्त पाण्यात ढवळा, प्लास्टिक वर तरंगतं, वरचं पाणी गाळून घ्या आणि मायक्रोस्कोपखाली मोजा. २००४ मध्ये प्लिमथच्या रिचर्ड थॉम्पसन यांचा सायन्समध्ये जो पेपर आला होता त्यातही मिठाचंच पाणी. पण मिठाच्या पाण्याची घनता फार तर १.२ आणि पीईटीची १.३८ च्या आसपास, पीव्हीसी पण तिथेच. म्हणजे बाटल्यांचे तुकडे आणि पॉलिएस्टरचे धागे वर येणारच नाहीत ना? आणि तळाला बसलेलं असणार ते जड प्लास्टिकच जास्त असं मला वाटतं. गाईड सर म्हणतात मीठच वापर, स्वस्त आहे, धोका नाही आणि बाकीच्यांनी तेच वापरलंय तर तुलना करता येईल. सीनियर म्हणतो झिंक क्लोराइड घे, त्याचं द्रावण जास्त जड होतं, नाहीतर निम्मं सुटेल. दोघांचंही पटतंय म्हणून जास्त गोंधळ झालाय.

आमच्याकडे एफटीआयआर (कण कुठल्या प्लास्टिकचा ते अवरक्त प्रकाशाने ओळखणारं मशीन) आहे पण साधं एटीआरवालं, कण चिमट्याने उचलून ठेवावा लागतो. अगदी बारीक कण ओळखणारं मायक्रो एफटीआयआर किंवा रामन नाही. अजून एक, गाळ अगदी बारीक चिखल आहे, ओव्हनमध्ये सुकला की कडक ढेकळं होतात, ती कुटली तर प्लास्टिकपण कुटलं जाणार. मग सुकवायचा की नाही?

घरात रोज मासे असतात, कोळंबी, लेपा, खेकडे हे सगळे याच गाळात चरतात, त्यामुळे हा आकडा मला खरा हवाय, नुसता डिझर्टेशनपुरता नकोय. कुणी हे काम केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.


खोलपाणी:

मी हेच काम करते, सध्या जर्मनीत, त्याआधी गोव्यात होते. तुझे सर आणि सीनियर दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत आणि त्यातून वाट निघते, पण आधी एक दुसरी गोष्ट बघ, कारण मीठ की झिंक यापेक्षा ती मोठी आहे आणि तू ती विचारलेलीच नाहीस. किती लहान कणापर्यंत मोजणार आहेस?

२०१७ मध्ये आर्क्टिकमधल्या फ्राम सामुद्रधुनीतल्या हाउसगार्टन वेधशाळेच्या गाळाचे आकडे आले, आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूटचं काम. किलोमागे ४२ पासून ६,५९५ कणांपर्यंत, तेही २,३०० ते ५,५०० मीटर खोल. जगभर बातमी झाली. पण त्यातले सुमारे ८० टक्के कण २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान होते, मशीन स्वतःच फिल्टर स्कॅन करत होतं आणि ११ मायक्रॉनपर्यंतचं ओळखत होतं. तोच गाळ कुणी ३०० मायक्रॉनच्या चाळणीने गाळून डोळ्याने मोजला असता तर आर्क्टिक जवळपास स्वच्छ आहे असा निष्कर्ष निघाला असता. गाळ तोच, समुद्र तोच. म्हणून खालची मर्यादा सांगितल्याशिवाय किलोमागे इतके कण या वाक्याला मी तरी काही किंमत देत नाही.

तुझ्याकडे एटीआर आहे म्हणजे चिमट्याने उचलता येईल तेवढाच कण तू खात्रीने ओळखू शकतेस. ३०० मायक्रॉन धर, हात बसला नसेल तर ५०० धर. त्याच्या खालचं मायक्रोस्कोपमध्ये दिसेल, मोह होईल, रंगीत ठिपके दिसतील, पण ते प्लास्टिक आहे हे तू सिद्ध करू शकत नाहीस. तर प्रबंधाच्या पहिल्या पानावरच लिही की हा अभ्यास ३०० मायक्रॉन ते ५ मिलिमीटरचा आहे. त्यात कमीपणा काही नाही. लहान पण पक्का आकडा पुढच्या माणसाला वापरता येतो.

आता मीठ. पॉलिथिन ०.९१ ते ०.९७, पॉलिप्रॉपिलीन ०.९, पॉलिस्टायरीन १.०५, नायलॉन १.१४, हे सगळं १.२ मध्ये वर येतं. पीईटी आणि पीव्हीसी येत नाही, तुझं बरोबर आहे. पण तळाला जड प्लास्टिकच जास्त असणार हे गृहीत धरू नकोस. समुद्राचं पाणी १.०२५ चं, त्यात पॉलिथिन तरंगायला हवं, तरी ते तळाच्या गाळात सापडतं, कारण त्याच्यावर शेवाळ आणि जिवाणू चढतात, बारीक शिंपले बसतात, प्राणिप्लवक ते खाऊन विष्ठेतून टाकतात, चिखलाच्या गुठळ्यांना चिकटतं, आणि मग ते खाली जातं. खाडीच्या तोंडाशी गोडं आणि खारं पाणी मिसळतं तिथे चिखलाच्या गुठळ्या जास्त बनतात, त्यामुळे भाट्येला हलकं प्लास्टिकही तळाला भरपूर मिळालं तर नवल वाटून घेऊ नकोस.

वाट अशी की दोन्ही कर, एकाच सॅम्पलवर, एकामागून एक. आधी मिठाच्या पाण्याने वर आलेलं काढ आणि वेगळं मोज. मग खाली उरलेल्या त्याच गाळाला झिंक क्लोराइडचं जड द्रावण दे, जे वर येईल ते वेगळं मोज. पहिल्या आकड्याने मिठावर केलेल्या जुन्या कामांशी तुलना होते, सर खूश. दुसऱ्याने कळतं की आपल्या कोकणच्या गाळात मीठ किती प्लास्टिक मागे सोडतं, आणि मला विचारशील तर तुझ्या सगळ्या प्रबंधातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच असेल. शिवाय महाग द्रावण कमी लागतं.

वेळ दे मात्र. लोक ढवळतात आणि तासाभरात वरचं पाणी काढतात. नायलॉन आणि मिठाच्या पाण्यात घनतेचा फरक जेमतेम ०.०६, त्यात ५० मायक्रॉनचा गोल कण धरला तर तो तासाला १५ सेंटीमीटरच्या आसपास वर चढतो, २० मायक्रॉनचा असेल तर दोन-अडीच सेंटीमीटर. तुझे ३०० च्या वरचे कण लवकर येतील पण चिखलात अडकलेले येत नाहीत, म्हणून रात्रभर ठेव, दुसऱ्या दिवशी परत ढवळ, असं तीनदा. तिन्ही वेळचं वेगवेगळं मोजलंस तर तिसऱ्यांदा किती आलं त्यावरून कळेल अजून उरलंय का.

सुकवण्याचं. बारीक चिखल असेल तर सुकवू नकोस, ओलाच वापर. त्याच सॅम्पलमधला थोडा गाळ वेगळा काढून १०५ अंशाला सुकव, त्यावरून पाण्याचं प्रमाण काढ आणि आकडा सुक्या वजनावर आण. मोजायच्या भागाला १०५ देऊच नकोस, काही प्लास्टिकं मऊ पडून आकार बदलतात, सुकवायचाच झाला तर ५० च्या आत. गुठळ्या फोडायला सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं पाणी घालून हलवत ठेव, माती मोकळी होते, प्लास्टिकला काही होत नाही. मग ३०० च्या स्टीलच्या चाळणीवर धू. तुझी मर्यादा ३०० असल्याने बहुतेक चिखल तिथेच निघून जाईल आणि पुढचं काम एकदम हलकं होईल. जाताना जे जातं ते टाकू नकोस, बाटलीत भरून ठेव, उद्या कुणाकडे मायक्रो एफटीआयआर मिळालं तर त्यात सोनं आहे.


प्रयोगशाळा_मास्तर:

वरच्या ताईंनी छान लिहिलंय. मी कॉलेजात रसायनशास्त्राची लॅब सांभाळतो, समुद्रावरचा माणूस नाही, पण झिंक क्लोराइड म्हटल्यावर गप्प बसवेना कारण पोरं ते साखरेसारखं हाताळतात.

१.५ घनतेला एक लिटर द्रावणात साधारण ७०० ग्रॅम झिंक क्लोराइड जातं. विरघळताना पाणी चांगलंच तापतं, म्हणून पाण्यात थोडं थोडं टाक, उलटं करू नकोस, आणि चष्मा, हातमोजे हवेतच, कातडी भाजते. हवेतलं पाणी ओढून घेतं त्यामुळे बाटली उघडी राहिली की वजनाचा हिशोब चुकतो, म्हणून पाककृतीवर विसंबू नकोस, तयार द्रावण १०० मिलीच्या मेजरिंग फ्लास्कमध्ये भरून वजन कर, १५० ग्रॅम भरलं की झालं. द्रावण दुधाळ दिसलं तर घाबरू नकोस, दोन-चार थेंब हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की साफ होतं. पण इथेच तुझ्या गाळाची गोम आहे. कोकणच्या गाळात शिंपल्यांचा चुरा असतो, ते कॅल्शियम कार्बोनेट, द्रावण आम्लधर्मी असल्याने त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, फेस येतो आणि फेसाबरोबर वाळूचे कणही वर चढतात. म्हणून मोठे शिंपले आधी काढ, द्रावण हळू ओत आणि फेस बसेपर्यंत थांब.

वापरलेलं झिंकचं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही म्हणजे नाही. पाण्यातल्या जीवांना ते फार विषारी आहे, आणि समुद्रातलं प्लास्टिक मोजण्यासाठी खाडीत झिंक सोडणं हे मला तरी सहन होणार नाही. बारीक फिल्टरमधून गाळून घे, घनता परत तपास, कमी झाली असेल तर थोडं मीठ (म्हणजे झिंक क्लोराइडच) वाढव, बऱ्याच वेळा वापरता येतं. शेवटी उरेल ते कॉलेजच्या घातक कचऱ्यात.

सोडियम आयोडाइड १.६ च्या वर जातं, झिंकइतकं त्रासदायक नाही पण किंमत ऐकून सर नाही म्हणतील. कॅल्शियम क्लोराइड १.३ ते १.४ पर्यंत जातं, स्वस्त आहे, पण पीईटीच्या अगदी सीमेवर.

आणि साधं मीठ घेशील ते पण आधी विरघळवून ग्लास फायबर फिल्टरमधून गाळून घे. मिठातच मायक्रोप्लास्टिक असतं. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये भारतीय मिठांमध्ये ते दाखवलं होतं. न गाळता वापरलंस तर समुद्राऐवजी मिठागर मोजशील.


तांडेलाचा_नातू:

माझ्या घरची बोट आहे, मी स्वतः आता डिप्लोमा करून नोकरीला लागलोय पण सुट्टीत जातो. लॅबमधलं मला कळत नाही, बोटीवरचं सांगतो.

ताई, तू ज्या ट्रॉलरवरून गाळ काढणार तो ट्रॉलरच प्लास्टिकचा डोंगर आहे हे लक्षात घे. जाळं एचडीपीईच्या (कडक पॉलिथिनच्या) दोऱ्याचं, हिरवं निळं, दोर पॉलिप्रॉपिलीनचे, फ्लोट प्लास्टिकचे, बोटीला रंग, काही बोटी तर सगळ्या फायबरच्या. दोर विंचवर घासला की त्याचा भुसा उडतो, डेकवर सगळीकडे असतो. तुझी बादली तिथे ठेवलीस की झालं. तर तांडेलांना आधीच सांग की जाळं एका बाजूला झाकून ठेवा, ताडपत्रीखाली नको, सुती चादरीखाली, आणि ग्रॅब वर येईल तेव्हा कुणी दोर हाताळू नका. ग्रॅबला प्लास्टिकचा दोर बांधू नकोस, वायर नाहीतर कॉटनचा सुती दोर बांध. आणि त्या बोटीचं जाळं, दोर, रंग याचा एकेक तुकडा घरी घेऊन जा, मशीनवर आधी तोच बघून ठेव, म्हणजे सॅम्पलमध्ये तसाच तुकडा निघाला की कळेल कुठून आला ते.

दुसरं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा कुणी नेणार नाही, आणि समुद्र पण तसला नसतो. पण बंदीच्या आधी आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा काढता आलं तर बघ. पावसाळ्यात काजळीतून काय काय येतं ते आम्ही भाट्याच्या पुलावरून बघतो. आणि ऑगस्टला ट्रॉलर सुरू झाले की जाळं उघडं ठेवणाऱ्या जड फळ्या, बोर्ड म्हणतात त्या, तळ नांगरत जातात, वरचं खाली खालचं वर होतं. ट्रॉलिंग सुरू व्हायच्या आधीचा गाळ आणि नंतरचा गाळ एक नसणार असं मला वाटतं. जिथे गाळ काढशील तिथे ट्रॉलर किती चालतात ते तांडेलांना विचारून वहीत लिही, त्यांना एकेक जागा माहित असते, कुठे खडप, कुठे रेव, कुठे निव्वळ चिखल. चिखल आणि रेव मिसळून तुलना करू नकोस.

उधाणाला नको जाऊस, पाण्याला ओढ असते, ग्रॅब तिरका पडतो आणि अर्धवट मिटतो. भांगाच्या दिवसात जा, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा.


काजळीकाठ:

बाप रे, एवढं सगळं. मनापासून आभार सगळ्यांचे. दोन्ही द्रावणं एकामागून एक हे सरांना दाखवलं, ते हो म्हणाले, फक्त झिंकची सोय मास्तरांनी सांगितली तशी करायची अट घातली. नातू दादा, जाळ्याचा तुकडा घ्यायचं डोक्यातच आलं नसतं, आणि भांगाला जायचं हे मामाला आजच सांगते.

तीन शंका उरल्यात. ग्रॅबमधून गाळ नेमका कुठला घ्यायचा, सगळा ढवळून की वरचा? निळे धागे खूप दिसतात असं सगळे म्हणतात, ते मोजायचे का? आणि एकेका जागेवरून किती सॅम्पल पुरेत, सर म्हणतात एकेक पुरे कारण वेळ नाही.


खोलपाणी:

वरचा. ग्रॅबची वरची झडप उघड, पाणी हळूच निथळू दे, मधल्या भागातला वरचा ५ सेंटीमीटर स्टीलच्या चमच्याने घे, ग्रॅबच्या पत्र्याला लागलेला घेऊ नकोस. ग्रॅब खाली जाताना पुढचं पाणी ढकलत जातो त्यामुळे सगळ्यात वरचा पातळ, ताजा थर थोडा उडतोच, ते तुला टाळता येणार नाही, मल्टीकोररशिवाय (गाळाचे थर न हलवता नळ्यांत उचलणारं यंत्र) कुणालाच येत नाही, फक्त लिहून ठेव. ज्या वेळी जबडा नीट मिटलेला नसेल, पाणी गळत असेल, तो घास फेकून परत टाक. काचेच्या बरणीत भर, झाकणाच्या आत रबरी प्लास्टिकचं अस्तर असतं म्हणून झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल लाव.

निळ्या धाग्यांचं फार महत्त्वाचं विचारलंस. २०२० मध्ये जगभरच्या समुद्रांच्या पृष्ठभागावरच्या पाण्यातले सुमारे २,००० धागे तपासून एक मोठा अभ्यास सायन्स ॲडव्हान्सेसमध्ये आला, त्यात कृत्रिम म्हणजे खरं प्लास्टिक फक्त ८.२ टक्के निघालं, बाकीचे कापूस, व्हिस्कोजसारखे सेल्युलोजचे आणि थोडे लोकरीसारखे. जीन्सचा निळा धागा कापसाचा असतो, प्लास्टिक नाही. तळाच्या गाळात प्रमाण वेगळं असेल पण धडा तोच, मशीनवर न तपासलेला धागा प्लास्टिक म्हणून मोजायचा नाही. गरम सुईने वितळतो का बघतात, ती चाचणी मोठ्या तुकड्यांना बरी आहे, धाग्यांना मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. नाईल रेड (प्लास्टिकला चिकटून चमकणारा रंग) लावून निळ्या प्रकाशात बघतात ते पण चांगलं साधन आहे पण जैविक चरबी आणि कायटिनही (खेकडे-कोळंबीच्या कवचातलं) चमकतं, म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जाळून घ्यावा लागतो. पेरॉक्साइड ३० टक्क्यांचं, भांडं कधीच घट्ट बंद करू नकोस, ५० अंशाच्या वर जाऊ देऊ नकोस, लोह सल्फेट घालून फेंटन अभिक्रिया करणार असशील तर बर्फाचं पाणी जवळ ठेव कारण ते एकदम उसळतं.

धागे हवेतूनही पडतात, तुझ्या ओढणीतून, पंख्यातून. सुती ॲप्रन, पंखा बंद, सगळी भांडी गाळलेल्या पाण्याने तीनदा धुतलेली आणि फॉइलने झाकलेली. डेकवर आणि लॅबमध्ये काम चालू असताना शेजारी ओला फिल्टर उघड्या काचेच्या डिशमध्ये ठेव. शिवाय गाळाशिवाय पूर्ण प्रक्रिया, मीठ, झिंक, पेरॉक्साइड, सगळं, दर बॅचला एकदा, यालाच ब्लँक म्हणतात. त्यात जेवढे धागे येतील त्याची सरासरी आणि त्यात तीनपट प्रमाणित विचलन मिळवलं की तुझी किमान मर्यादा, सॅम्पलमधला आकडा त्याच्या वर नसेल तर तिथे धागे आढळले असं म्हणू नकोस. काही जण ब्लँकचा आकडा सरळ वजा करून मोकळे होतात, मला ते पुरेसं वाटत नाही.

रत्नागिरीची एक खास गोष्ट, तिकडची वाळू काळी, इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहाच्या खनिजांची. ते जड आहेत, बुडायला हवेत, पण अगदी बारीक कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि मायक्रोस्कोपखाली काळ्या रंगाच्या पापुद्र्यासारखे किंवा टायरच्या तुकड्यासारखे दिसतात. फिल्टरखालून चुंबक फिरव, हलले तर खनिज. मिरकरवाड्याला उलटा प्रश्न येईल, बोटींचा रंग, विशेषतः तळाला लावतात तो तांब्याचा, इतका जड असतो की १.५ मध्येही बुडतो. म्हणजे बंदराच्या गाळात रंगाचे पापुद्रे तुझ्या दोन्ही पद्धतींना सापडणार नाहीत. खाली उरलेल्या गाळातला थोडा भाग मायक्रोस्कोपखाली नुसता बघ आणि रंग दिसला तर तसं नोंदव.


दशांश:

संख्याशास्त्रवाला आहे, त्यामुळे एक सॅम्पल पुरे यावर बोलावंच लागेल. समजा एका सॅम्पलमध्ये ४ तुकडे मिळाले. अशा मोजणीला पॉसाँ वितरण लागतं आणि ४ मोजले तर खरी सरासरी ९५ टक्के खात्रीने साधारण १ ते १० मध्ये कुठेही असू शकते. दुसऱ्या जागी ८ मिळाले तर तिची व्याप्ती साडेतीन ते सोळाच्या आसपास. दोन्ही एकमेकांवर चढलेल्या, म्हणजे बंदर भाट्येपेक्षा दुप्पट प्रदूषित असं तुम्ही म्हणूच शकत नाही. म्हणून जागेमागे किमान तीन, जमलं तर पाच वेगवेगळे ग्रॅब, एकाच ग्रॅबचे तीन चमचे नव्हेत, ते एकच सॅम्पल धरलं जातं. वेळ नसेल तर तीनऐवजी दोन जागा घ्या पण सॅम्पल कमी करू नका. सरांना हे गणित दाखवा, पटेल. आणि गाळ जास्त घ्या, ५० ग्रॅमऐवजी २००-३०० ग्रॅम सुक्या वजनाइतका, मोजलेले तुकडे वाढले की व्याप्ती आपोआप आवळते.

एककाचं पण सांभाळा. २००६ मध्ये गुजरातच्या अलंग-सोसिया जहाजतोडणीच्या गाळाचा अभ्यास छापून आला, भारतातल्या पहिल्या काही कामांपैकी, त्यात सरासरी किलोमागे ८१ मिलिग्रॅम प्लास्टिक दिलंय, वजनात. केरळच्या वेंबनाड सरोवराचं २०१७ चं काम चौरस मीटरमागे सरासरी २५२.८ कण असं. तुमचं किलोमागे कण. तिन्ही एका तक्त्यात शेजारी शेजारी टाकून कमी-जास्त ठरवणारे प्रबंध मी तपासलेत आणि चिडचिड होते. इटलीजवळच्या टिरेनियन समुद्रातला २०२० चा चौरस मीटरमागे १९ लाख कणांचा आकडा सगळे सांगतात, तो ५ सेंटीमीटर जाडीच्या थराचा आहे, मूळ मोजणी ५० ग्रॅम सुक्या गाळात सुमारे १९० ची होती. किलोमागे ३,८०० झाले. थराची जाडी आणि गाळाची घनता दिल्याशिवाय किलोमागचा आकडा चौरस मीटरमागे तुम्हालाही आणता येणार नाही, म्हणून ओल्या गाळाचं आकारमान आणि सुकं वजन दोन्ही नोंदवा. कणांचा आकार, लांबी-रुंदी पण मोजून ठेवा, उद्या कुणाला वजनात बदलायचं असेल तर लागतं.

शेवटचं, रिकव्हरी. कुणीच विचारली नाही. स्वच्छ केलेल्या गाळात माहीत असलेले तुकडे मुद्दाम टाकून पूर्ण पद्धत चालवायची आणि किती परत मिळाले ते बघायचं. हे नसेल तर बाकी सगळ्या आकड्यांना आधार नाही.


काजळीकाठ:

सर तयार झाले, दोन जागा आणि जागेमागे पाच ग्रॅब. काळबादेवी सोडतेय, भाट्ये आणि मिरकरवाडा ठेवतेय.

रिकव्हरीसाठी टाकायचे तुकडे विकत आणायचे का? मिळतात ते गोल मणी फार महाग आहेत.


खोलपाणी:

विकत नको, आणि मणी तर नकोच, गोल मणी फार सहज वर येतात, खऱ्या तुकड्यांपेक्षा रिकव्हरी उगाच चांगली दिसते. घरीच कर. बाटलीचं झाकण म्हणजे एचडीपीई, बाटली पीईटी, मासेमारीची तंगूस नायलॉन, पाईपचा तुकडा पीव्हीसी. फ्रीजरमध्ये कडक करून स्टीलच्या किसणीवर किस, ३०० मायक्रॉन आणि १ मिलिमीटरच्या चाळणीमधला भाग घे. रंग असे निवड जे तुझ्या गाळात सहसा नसतील, गुलाबी, जांभळा वगैरे. प्रत्येकाचा एटीआरवर स्पेक्ट्रम काढून ठेव, ओपन स्पेसी म्हणून फुकट ऑनलाइन साधन आहे, तिथे तुझा स्पेक्ट्रम टाकला की जुळणारं प्लास्टिक दाखवतं, पुढेही कामाला येईल.

प्रत्येक प्रकाराचे वीस-वीस मोजून टाक, आणि भाट्येचाच चिखल वापर, विकतची वाळू नको, कारण अडकतं ते चिखलात. मिठात किती आले आणि झिंकमध्ये किती हे प्रकारानुसार वेगळं लिही. पीईटी मिठात जवळजवळ शून्य यायला हवं, तसं आलं तर पद्धत नीट चालतेय. प्लिमथ मरीन लॅबोरेटरीने २०१७ मध्ये एक सोपं उपकरण दाखवलं होतं, पीव्हीसी पाईप आणि मधे बॉल व्हॉल्व्ह, गाळ खाली बसला की व्हॉल्व्ह बंद करायचा आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. त्यांना झिंक क्लोराइडवर सरासरी ९५.८ टक्के रिकव्हरी मिळाली होती. रत्नागिरीत कुठलाही प्लंबर तसं जोडून देईल. पाईप ज्या रंगाचा असेल त्या रंगाचं पीव्हीसी ब्लँकमध्ये येतंय का तेवढं बघ, आणि रिकव्हरीसाठी पीव्हीसी दुसऱ्या रंगाचं घे.


प्रयोगशाळा_मास्तर:

बॉल व्हॉल्व्हला ग्रीस लावलेलं असतं, आधी साबणाने धू, नाहीतर एटीआरवर सगळीकडे तेच दिसेल. आणि व्हॉल्व्ह पितळी घेऊ नकोस, झिंक क्लोराइड खाऊन टाकेल, प्लास्टिकचाच घे.